पंचेचाळीस मिनिटं

इंजिनातला पिवळा दिवा लुकलुकायला लागल्यापासून लव्हॉन कुड्रनाचा हात बटणावर जाईपर्यंत एरवी एक सेकंद लागत असे. त्या दुपारी तीन लागले. पुढच्या खेपेला चार, आणि तोवर दिव्याच्या जोडीला शिट्टीही वाजायला लागली होती. तिने बटण दाबलं. शिट्टी थांबली. डावीकडच्या खुर्चीत बसलेला तिचा कंडक्टर, म्हणजे मालगाडीवरचा जोडीदार, ड्वाइट सोरेन्सन मान न वळवता म्हणाला, "काय गं, लागला की काय डोळा?"

"मका बघत होते."

"मका. नेब्रास्कात जन्म गेला, आणि आज बाईसाहेबांना मका दिसला."

लव्हॉन हसली. पण मनातल्या मनात तिने तो आकडा नोंदवून ठेवला: चार.

त्या यंत्राला सगळे अलर्टर म्हणत. चालकाचा हात काही वेळ कशालाच लागला नाही, तर ते आधी दिवा लावी, मग शिट्टी वाजवी, आणि तरीही कोणी दाद दिली नाही तर स्वतःच ब्रेक लावून गाडी उभी करी. चौतीस वर्षांत लव्हॉनवर ती वेळ आली नव्हती. आजही आली नसती. तिला खुपत होतं ते वेगळंच. दोनशे बारा मैलाचा खांब तिला आठवत होता. त्याच्या शेजारी कुणाची तरी जुनी पाण्याची टाकी आडवी पडलेली होती. त्यानंतर एकदम दोनशे नऊ. मधले दोन खांब तिने पाहिले नव्हते. ताशी पंचेचाळीस मैलांचा वेग होता, म्हणजे तीन मैलांना चार मिनिटं. त्या चार मिनिटांत तिच्या हाताने अलर्टरचं बटण दाबलं असणार, नाहीतर ब्रेक लागला असता. हात जागेवर होता. ती स्वतः कुठे होती, ते तिला सांगता आलं नसतं.

मागे मक्याने भरलेले एकशे दहा डबे होते.

सप्टेंबर संपत आला होता. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापणीची यंत्रं धुरळा उडवत चालली होती आणि ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं शेंड्यापासून पिवळी पडायला लागली होती. लव्हॉनला वर्षातले हे दिवस सर्वांत आवडत. आज मात्र त्या पिवळ्या उजेडाकडे बघताना डोळे आपोआप बारीक होत होते. तिची पाळी दुपारी लागेल असा अंदाज होता, म्हणून आदल्या रात्री ती टोमॅटो बरण्यांत भरत बसली. मध्येच दोन जादा गाड्या निघाल्या, यादी सरकली, आणि पहाटे साडेतीनला फोन आला. नवरा एमिल अंथरुणातूनच म्हणाला होता, "अगं, गाडी कुठे थांबली तर घटकाभर पड. परवानगी आहे ना आता?"

"आहे," असं म्हणून तिने बूट चढवले होते.

परवानगी बारा वर्षांपासून होती. त्याआधी नियमपुस्तकात एकच शब्द होता: झोप. आणि झोपेची व्याख्या अशी, की जो रेलून बसला आहे आणि ज्याचे डोळे मिटलेले आहेत, तो झोपला आहे असं समजलं जाईल. खरोखर झोपला होता की नाही, हे कोणी बघायचं नव्हतं. ती व्याख्या अजून तशीच होती, फक्त तिच्याखाली नवा परिच्छेद आला होता आणि त्यात 'नॅप' हा शब्द होता. गाडी उभी पाहिजे, ब्रेक लावलेले पाहिजेत, थांबा लांबणार हे ठाऊक पाहिजे, दोघांपैकी एकच जण, आणि जास्तीत जास्त पंचेचाळीस मिनिटं. एवढं असेल तर डोळे मिटले तरी ती झोप नाही, नॅप.

दर वर्षी वसंतात नियमांचा वर्ग भरे. यंदा तो घ्यायला ब्रेंट हॅस्केल नावाचा तिशीतला माणूस आला होता. त्याने फळ्यावर दोन शब्द लिहून मध्ये रेघ मारली आणि विचारलं, "या दोन्हींत फरक काय?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "माझी बायको घेते तो नॅप. मी घेतो ती झोप."

"आमच्या घरी नॅप कुत्रा घेतो."

"आणि तीन वर्षांपर्यंतची पोरं."

"आणि ऐंशीच्या पुढचे. मधल्या माणसांनी कामं करायची."

हॅस्केल सगळ्यांना हसू देत राहिला, मग म्हणाला, "फरक एवढाच, की नॅप सांगून घ्यायचा असतो. मोठ्याने. 'मी नॅप घेतोय, तू जागा आहेस ना?' समोरच्याने म्हणायचं, 'जागा आहे.' उत्तर आल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत. उत्तर नाही, तर ती झोपच."

खोलीत माना हलल्या. डोनटचं खोकं फिरत होतं. लव्हॉनने आपल्या वहीत ते वाक्य लिहून घेतलं होतं, जणू पहिल्यांदाच ऐकत असावी. खरं तर ड्वाइटच्या तोंडून तिने ते शेकडो वेळा ऐकलं होतं. साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी लागली, थांबा मोठा आहे असं कळलं, की तो टोपी डोळ्यांवर ओढून म्हणे, "लव्हॉन, मी नॅप घेतोय, तू जागी आहेस ना?" ती म्हणे, "जागी आहे." मिनिटभरात त्याचं घोरणं सुरू होई. ती घड्याळ बघत बसे आणि बरोबर चव्वेचाळिसाव्या मिनिटाला त्याच्या बुटावर बूट आपटे.

हे एकाच दिशेने चालत आलं होतं. दुसरं वाक्य तिच्या वाट्याचं होतं, पहिलं तिने कधी म्हटलं नव्हतं.

विल्सीच्या साइडिंगजवळ रेडिओ खरखरला. समोरून दोन गाड्या येणार होत्या, त्या जाईपर्यंत त्यांनी बाजूला थांबायचं होतं. "तासभर तरी धरून चाला," नियंत्रक बाई म्हणाली. "सव्वा तास लागला तर शिव्या देऊ नका."

"आम्ही कुठे देतो," ड्वाइट म्हणाला. "मनात ठेवतो."

लव्हॉनने गाडी अलगद आत घेतली. एकशे दहा डब्यांचा धक्का पुढून मागे निघाला आणि दूरवर कुठेतरी विरून गेला. ड्वाइट उतरून रुळांचा सांधा मूळ जागी लावून आला. तिने ब्रेक लावले, आणि गाडी पुढे न्यायची की मागे ते ठरवणारी पितळी मूठ खोबणीतून उपसून शर्टाच्या खिशात टाकली. ती मूठ काढली की इंजिन जागचं हलत नसे. ती खिशात ठेवायची सवय तिला पहिल्या वर्षापासूनची होती; डाव्या खिशाचं कापड तिथे विरलं होतं आणि एमिलने आतून ठिगळ लावून दिलं होतं.

त्यांनी डबे उघडले. ड्वाइटकडे थर्मासमध्ये राजम्याचं तिखट चिली होतं आणि त्याच्यासोबत बुडवून खायला दालचिनीचा मोठा रोल. लव्हॉनने खसखशीचं सारण भरलेले दोन कोलाचे, चेक पद्धतीचे गोड पाव, आणले होते; एक तिने न विचारता त्याच्या झाकणावर ठेवला.

"एमिलने केले?"

"निवृत्त झाल्यापासून तोच करतो. आता पीठ मळताना आपल्या आईसारखा पुटपुटतो."

"काय पुटपुटतो?"

"मला चेक येत नाही. शिव्या असाव्यात."

ड्वाइटने आपला कोलाचे दोन घासांत संपवला, बोटं चाटली, आणि टोपी मात्र डोळ्यांवर ओढली नाही. लव्हॉन वाट बघत होती. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"घे ना तुझा नॅप," ती म्हणाली. "तास आहे."

"आज मी नाही घेत."

"का?"

"आज तुझी पाळी."

"मला नको."

"तीन वेळा शिट्टी वाजली सकाळपासून. मी मोजल्या."

"एक वाजली."

"एक तू ऐकलीस," ड्वाइट म्हणाला.

लव्हॉनने थर्मासचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. खोटं बोलायचं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आकड्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

"ड्वाइट, दोनशे दहाच्या पुढे ते कच्च्या रस्त्याचं क्रॉसिंग आहे ना. तिथे मी भोंगा दिला का?"

त्याने तिच्याकडे वळून बघितलं. "दिलास. दोन लांब, एक आखूड, एक लांब. शेवटचा पार रस्ता ओलांडेपर्यंत. का?"

"मला आठवत नाही."

"भोंगा आठवत नाही?"

"दोनशे बारा ते दोनशे नऊ काहीच आठवत नाही."

रुळांपलीकडे एक ट्रक मका भरून घेत होता. दाण्यांचा आवाज इथवर येत होता.

"आणि अजून नव्वद मैल जायचंय," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"मग?"

"मी कॉफी घेते. तोंड धुते."

"अकरा वर्षं झाली, लव्हॉन." त्याने आवाज चढवला नाही, पण चिलीचा चमचा खाली ठेवला. "अकरा वर्षं मी तुझ्यासमोर तोंड उघडं टाकून घोरतोय. माझ्या बायकोने एवढं घोरणं ऐकलं नसेल. आणि तू एकदा पापणी लववली नाहीस. पहिली दोन वर्षं म्हटलं, दणकट बाई आहे. मग म्हटलं, खुळी आहे. आता वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट असेल. हा माणूस भरवशाचा नाही, असं तुझ्या मनात असेल."

"तसं नाही."

"मग कसं आहे ते सांग. यार्डात दिवसपाळीची जागा निघालीये. शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचाय. गुडघे म्हणतात दे. तू जर म्हणालीस की—" त्याने हात झटकला. "जाऊ दे. काय म्हणणारेस तू."

हे तिला ठाऊक नव्हतं. ड्वाइट यार्डात गेला तर डावीकडच्या खुर्चीत कोणीतरी नवा बसेल आणि तिची उरलेली वर्षं तशीच जातील. एवढंच आधी तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाज वाटली.

"व्हर्जिल बेट्चर आठवतो?" ती म्हणाली.

"म्हातारा व्हर्जिल? ज्याच्या मयताला आपण गेलो होतो?"

"मी भाजलेले बटाटे नेले होते. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला."

"सगळे संपले होते. मला मिळाले नव्हते."

"मला नोकरीत तिसरं वर्ष होतं. तेव्हा या पट्ट्यात मी एकटीच बाई. व्हर्जिल चालवायचा, मी डावीकडे, तू बसतोस तिथे. आमची ग्लेंडा पाच महिन्यांची होती. रात्रभर रडायची."

"ती तुझ्या तीस दिवसांच्या निलंबनाची गोष्ट ना," ड्वाइट म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे. डोळ्यात मक्याचं कुसळ गेलं, तू डोळे मिटून बसलीस, आणि झुडपातलं मुंगूस नेमकं तेव्हाच वर चढलं."

गाडीवाल्यांची चूक पकडायला रुळांकाठच्या गवतात दबा धरून बसणाऱ्या साहेबांना ते लोक झुडपातली मुंगसं म्हणत.

"कुसळ गेलं नव्हतं," लव्हॉन म्हणाली.

ड्वाइट टोपी मागे सारून तिच्याकडे बघायला लागला.

"मी झोपले होते. इथेच, विल्सीला. व्हर्जिल म्हणाला, मिट जरा डोळे पोरी, मी जागा आहे, कोणी आलं तर उठवीन. मी मिटले. जाग आली तेव्हा साहेब दारात उभा होता आणि पेन काढत होता. गुडघाभर गवतातून दोनशे पावलं चालत आला असेल तो. भर दुपार होती. व्हर्जिलच्या खिडकीतून सरळ दिसतं सगळं. दिसतंय ना तुला?"

ड्वाइटने तिच्या बाजूच्या खिडकीतून बघितलं. गवत वाऱ्याने एका अंगाला झुकत होतं, आणि त्यातून चालणारा ससासुद्धा दिसला असता.

"चौकशीत मला विचारलं, डोळे मिटलेले होते का? मी म्हटलं, होते. मग म्हणाले, नियमाप्रमाणे तू झोपली होतीस. विषय संपला. तेव्हा दुसरा शब्दच नव्हता. व्हर्जिल म्हणाला की ती झोपलीये हे मला कळलंच नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं कुसळ. मग तेच चालू राहिलं."

"त्याचं नाव का नाही घेतलंस?"

"बत्तीस वर्षं झाली होती त्याची. आणि मी तिसऱ्या वर्षाची. कोणावर विश्वास ठेवला असता?"

"त्याने उठवलं का नाही पण?"

"यावर मी पुष्कळ विचार केलाय," लव्हॉन म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, ब्रेकचा दाब वाचून दाखवावा तसा. "दोनच शक्यता निघतात. एक, त्याने साहेबाला येताना पाहिलं आणि गप्प बसला. बाईमाणूस गाडीवरून गेलं तर जावं, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं. दुसरी, त्याचाही डोळा लागला होता, आणि साहेब इंजिनाला वळसा घालून माझ्या बाजूने चढला म्हणून मी सापडले. बुटांच्या आवाजाने तो आधी उठला असेल. यातलं खरं कुठलं, हे सांगता येत नाही. त्याचे डोळे उघडे होते का, हे बघायला मी जागी नव्हते."

"आणि विचारलं नाहीस कधी? त्यानंतरही इतकी वर्षं तुम्ही—"

"नऊ वर्षं चालवली त्याच्याबरोबर. चांगला माणूस होता. ग्लेंडाला लाकडाची आगगाडी करून दिली त्याने. फुकट. का दिली, हेही मी विचारलं नाही."

पहिली गाडी आली. रिकामे कोळशाचे डबे होते, बराच वेळ धडधडत राहिले, आणि तेवढ्या वेळात दोघांनाही बोलावं लागलं नाही. शेवटचा डबा गेल्यावर शेतातला आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. ट्रक भरून निघून गेला होता.

"म्हणजे माझ्यात खोट नाही," ड्वाइट म्हणाला.

"तू तोंड उघडं टाकतोस एवढीच."

तो हसला, मग हसू ओसरू देत म्हणाला, "एमिलला ठाऊक आहे?"

"एमिललाही कुसळच ठाऊक आहे."

"देवा रे."

"तो रोज जेवणानंतर आरामखुर्चीत पडून रेडिओवर मक्याचे भाव ऐकतो. डोळे मिटून. मी म्हणते झोपलास, तो म्हणतो ऐकतोय. मग मी भाव विचारते आणि तो बरोबर सांगतो. कसं जमतं कोण जाणे." ती थांबली. "मला ते बघत बसायला आवडतं. कोणी आपल्यासमोर एवढं निवांत पडलेलं."

"मी पडतो तेव्हा?"

"तेव्हाही," लव्हॉन म्हणाली. हे तिने त्याला पूर्वी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंही नव्हतं.

ड्वाइटने घड्याळ बघितलं. "दुसरी गाडी यायला पन्नास मिनिटं आहेत." थर्मास पुसून पिशवीत ठेवला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने स्वच्छ केला, पुन्हा चढवला, आणि उठून तिच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून गवत दिसत होतं, रस्ता दिसत होता, आणि तिची खुर्चीही.

लव्हॉनने डोळ्यांवर तळहात दाबले. आत पिवळं दिसत होतं, मक्याचं की दिव्याचं ते कळत नव्हतं. नव्वद मैल होते. त्यात सहा क्रॉसिंग, एक उतार, आणि उताराच्या पायथ्याशी ब्रॉकवेचं गाव, जिथे शाळा सुटायच्या वेळी गाडी पोचणार होती. हा हिशेब तिने सकाळपासून तीनदा केला होता आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच आलं होतं.

तिने खिशातली पितळी मूठ काढली. ती अंगच्या उबेने गरम झाली होती. ती तिने ड्वाइटच्या तळव्यावर ठेवली, आणि त्याची बोटं मिटेपर्यंत हात तसाच धरून राहिली. मग खुर्ची मागे केली, टोपी काढून मांडीवर ठेवली, पाय समोरच्या पट्टीला टेकवले. रेलून बसलेली, व्याख्येत म्हटलं होतं अगदी तशी. डोळे मात्र अजून उघडे होते; ते आधी मिटायचे नसतात.

तिने घसा खाकरला आणि वर्गात सांगितलं होतं तसं, मोठ्याने, म्हणाली,

"ड्वाइट, मी नॅप घेतेय. तू जागा आहेस ना?"